वकीलसाहेबांचं फुलपात्र

रस्त्याची उलटतपासणी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. न्यायाधीशांना घाम फोडणारे वकील नाशिकच्या कोर्टात मी पुष्कळ पाहिले, साक्षीदाराला रडवणारे पाहिले, स्वतःच्याच अशिलाला गोंधळात टाकणारे तर रोज पाहतो. त्यांतला एक हल्ली मीच आहे. पण चप्पल काढून डांबरावर तळपाय घासत, ‘कधी झालास तू? रोलर किती वेळा फिरला तुझ्यावर?’ असं रस्त्याला विचारणारा आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवणारा माणूस म्हणजे आमचे वकीलसाहेब. मी त्यांचा ज्युनिअर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ऑफिसात लागलो, तेव्हापासून त्यांनी मला धक्के द्यायला सुरुवात केली आणि शेवटचा दिला तो अंथरुणाला खिळल्यावर. तो सांगायचा म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. पण तिथपर्यंत एकदम जायचा धीर होत नाही, म्हणून आधीचे सांगतो.

पहिला धक्का पहिल्याच आठवड्यातला. चांदवडचे एक गृहस्थ सख्ख्या भावावर दावा लावायला आले होते. बांधाची भानगड होती. वकीलसाहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “केस चांगली आहे. तुमची बाजू मी मांडतोच. पण आधी तुमच्या भावाची मांडून बघू, म्हणजे समोरचा वकील काय म्हणेल ते कळेल.” आणि ते उठून टेबलाच्या पलीकडे गेले. तिकडे उभं राहून त्यांनी अर्धा तास भावाची बाजू अशी मांडली की त्या गृहस्थांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले, कागद गुंडाळले आणि “माझंच चुकलं, साहेब” म्हणत ते एसटी स्टँडकडे निघून गेले. दावा गेला, फी गेली. वकीलसाहेब मात्र खूश होते. मला म्हणाले, “बघितलंस, दोन्ही बाजू ऐकल्या की माणसाला कोर्टाची गरजच पडत नाही.” या पद्धतीने ऑफिस कसं चालायचं ते मला सांगता येणार नाही. ते काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ठाऊक. त्या शाळेत शिकवत होत्या.

दुसरी खोड ऐकीव गोष्टींची. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं सांगायचं, ऐकलेलं सांगायचं नाही, हा कोर्टाचा नियम ते घरीदारी, लग्नकार्यात, दाढीच्या दुकानात, सगळीकडे लावत. कुणी म्हणालं, “पिंपळगावला काल गारा पडल्या,” की लगेच प्रश्न, “पाहिल्यात की ऐकल्यात?” एका लग्नात वरपिता पंगतीत हात जोडून फिरत होता. वकीलसाहेबांपुढे येऊन म्हणाला, “जिलबी छान झालीये, अजून घ्या.” वकीलसाहेबांनी विचारलं, “तुम्ही खाल्लीत का?” त्याने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मग त्यांनी त्याला शेजारी पाटावर बसवलं, स्वतःच्या पानातली जिलबी खायला लावली आणि त्याने मान डोलवल्यावर म्हणाले, “आता वाढा.” माझ्या स्वतःच्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं होतं, “मुलगा चांगला आहे, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?” सासरे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मी पाहिलंय.”

असा माणूस राजकारणात गेला हाच मुळात धक्का. पिंपळगाव बसवंतकडच्या त्यांच्या गावच्या मंडळींनी त्यांना जिल्हा परिषदेला आग्रहाने उभं केलं. अर्ज भरायच्या रांगेत त्यांच्या पुढे त्यांचा प्रतिस्पर्धी उभा होता. त्याच्या अर्जावर एक सही राहिली होती. ती आमच्या माणसांनी पाहिली आणि एकमेकांना कोपराने ढोसलं. अर्ज बाद, निवडणूक बिनविरोध. वकीलसाहेबांनी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर टकटक केली, सहीची जागा दाखवली आणि वर आपलं पेनही दिलं. गावाकडची मंडळी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाहीत. पण ही गोष्ट गटातल्या सगळ्या गावांत पोचली आणि ते भरघोस मतांनी निवडून आले. पुढे सभापतिपदावरून दोन तटांचं भांडण लागलं, तेव्हा तडजोडनामा लिहायला वकीलसाहेबांनाच बोलावलं. त्यांनी असा चोख मसुदा केला की दोन्ही तटांनी तो लगेच मान्य केला. एकच जागा कोरी होती, नावाची. ती भरायला दोन्ही तटांना एकच नाव सुचलं. अशा रीतीने जिल्ह्याच्या पैशांचा आणि रस्ते, पूल, इमारती यांचा कारभार आमच्या वकीलसाहेबांकडे आला, आणि त्यांच्यामागे फाइल घेऊन हिंडायचं काम माझ्याकडे.

सभापती झाले तरी टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभं राहायची सवय सुटली नाही. पहिल्याच अर्थसंकल्पात सभापतींच्या दालनासाठी नवे सोफे आणि पडदे असा एक प्रस्ताव होता. वकीलसाहेबांनी तो वाचला, दोन मिनिटं त्याच्या बाजूने बोलले, मग खुर्चीवरून उठून समोरच्या बाकांकडे गेले आणि तिथून स्वतःला उद्देशून म्हणाले, “सभापती महाराज, जुना सोफा मी पाहिला आहे. त्याला काहीही झालेलं नाही.” पुढची दहा मिनिटं ते सभापतींना झोडपत होते. सभागृह बधिर झालं. शेवटी चांदवडकडचे एक वयस्कर सभासद उठले. म्हणाले, “साहेब, येक सांगा. आमी हात वर करायचा तो कोन्च्या बाजूनं? तुमच्या का तुमच्या इरुद्ध?” वकीलसाहेब म्हणाले, “पटेल त्या बाजूने.” प्रस्ताव पडला. जुन्या सोफ्याची एक स्प्रिंग बाहेर आली होती; त्यावर कंत्राटदारांना बसवायची प्रथा वकीलसाहेबांनी सुरू केली. त्यामुळे भेटी लवकर आटपत.

काळा कोटही सुटला नव्हता. तो घालून ते पहिल्यांदा हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर गेले, तेव्हा आमची जीप दिसताच पाड्यावरची सगळी पुरुष मंडळी रानात पसार झाली. काळा कोट म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे जंगलाची केस, हा त्यांचा अनुभव. मागे राहिली फक्त एक म्हातारी, येसूबाई. ती ओट्यावर नागली पाखडत होती. वकीलसाहेबांनी विचारलं, “तुम्ही नाही पळालात?” ती सूप न थांबवता म्हणाली, “गुडघं धरलंय. पळता येतं तर बाजारला नसते का गेले?” त्या एका वाक्यावरून पुढचं सगळं घडलं. फाट्यापासून पाडा चार किलोमीटर. पक्का रस्ता नाही, म्हणून बस नाही. बाजाराच्या दिवशी बायका डोक्यावर पाटी घेऊन फाट्यापर्यंत चालायच्या. येसूबाईला ते जमत नव्हतं, म्हणून तिने दोन वर्षं बाजार पाहिला नव्हता. वकीलसाहेब तिच्या ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “बस तुमच्या ओट्यापाशी येईल.” ती म्हणाली, “समदेच म्हनतात.” “मी लिहून देतो,” असं म्हणून त्यांनी खरोखरच लिहून दिलं, खाली सही करून. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद घडी करून नागलीच्या कणगीत ठेवला.

आता फुलपात्राचं सांगितलंच पाहिजे. नवा रस्ता तयार झाला की त्याचं बिल मंजूर करण्याआधी वकीलसाहेब जीपने त्यावरून जात. पुढे दगूभाऊ ड्रायव्हर, त्याच्या शेजारी वकीलसाहेब, मागे मी. माझ्या मांडीवर त्या रस्त्याची फाइल, फाइलवर तळहात आणि तळहातावर काकूंच्या देव्हाऱ्यातलं पितळी फुलपात्र, पाण्याने काठोकाठ भरलेलं. दगूभाऊने काटा चाळिसावर ठेवायचा, घाटात विसावर. फाइलवर जेवढे थेंब पडतील तेवढ्यांभोवती वकीलसाहेब लाल पेन्सिलीने गोल काढत आणि पुराव्याच्या कागदाला कोर्टात घालतात तसे त्यांना नंबर घालत: निशाणी एक, निशाणी दोन. तीनच्या वर गेल्या की बिल परत. एकही थेंब पडला नाही तर मला म्हणत, “कोरडं. लिही.” आणि मी फाइलवर तसं लिहायचो. एका इंजिनिअरने धीर करून सांगितलं, “साहेब, या चाचणीला शासनाची मान्यता नाही.” वकीलसाहेब म्हणाले, “पाण्यालाही नाही. तरी ते उताराकडेच जातं.” जीपमधला आरसा ते स्वतःकडे फिरवून घेत. म्हणत, “पुढचा रस्ता सगळेच बघतात, मागे पडलेला कोण बघणार?” दगूभाऊ कुरकुरायचा, “आरसा डायवरचा असतो साहेब. उद्या मागून कोनी ठोकलं तर तुमीच केस लढा.” आणि मला वकीलसाहेब म्हणायचे ‘माझा साक्षीदार’. कुणाशीही ओळख करून देताना, “हा माझा साक्षीदार. याच्या हातातलं पाणी खोटं बोलत नाही.” तेव्हा माझी छाती फुगायची. आता तो शब्द मी कोर्टातही जपून वापरतो.

पाड्याचा रस्ता मंजूर झाला आणि त्याचं काम मिळालं माझ्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला. त्याचं ते पहिलंच काम. मी ते वकीलसाहेबांना सांगितलं नाही. आधी वाटलं, विचारतील तेव्हा सांगू. मग त्यांनी विचारलंच नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. तपासणीच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, “त्याने काही कमी केलेलं नाही. तुम्ही फक्त हात जरा स्थिर धरा. एवढंच.” एवढंच तर होतं. मी हात स्थिर धरायचं ठरवून गेलो. पहिला किलोमीटर चांगला गेला. दुसऱ्या वळणावर खडी उघडी पडली होती; तिथे जीप उडाली. पाणी काठावर आलं, थरथरलं. वकीलसाहेब समोर बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी मान खाली घातली आणि पाणी प्यायलो. मला तहान लागली होती, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. सकाळची वेळ होती, हवा गार होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा फाइल कोरडी होती आणि फुलपात्र बोटभर रिकामं. ज्या माणसाने सात-बाराच्या उताऱ्यातला एका गुंठ्याचा फरक झोपेतही पकडला असता, त्याच्यापुढे मी ते धरलं. त्यांनी फुलपात्रात पाहिलं. फाइलवर हात फिरवला. चप्पल काढून ते रस्त्यावर बराच वेळ उभे राहिले, पण त्या दिवशी त्यांनी रस्त्याला काही विचारलं नाही. मग राहिलेलं पाणी येसूबाईच्या दारातल्या तुळशीला घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “कोरडं. लिही.” मी लिहिलं. आपण वाचलो याचा मला आनंद झाला नाही. ते फसले याचाच धक्का बसला. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी मी इतका हादरलो नसतो.

बस सुरू झाली. पहिल्या दिवशी येसूबाई पुढच्या सीटवर बसली आणि तिकीट काढताना तिने कंडक्टरला तो सहीचा कागदही दाखवला, न जाणो लागत असला तर. तो पावसाळा जेमतेम निघाला. दसऱ्याच्या सुमाराला वळणावरचं डांबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं, खाली मातीच होती, आणि बसचं मागचं चाक रुतलं. कुणाला लागलं नाही. पण डेपोने बस फाट्यावरूनच परत फिरवायला सुरुवात केली.

पुढच्या सभेत जे व्हायचं ते झालं. विरोधकांतल्या एकाने टेबलावर स्टीलचा पेला ठेवला आणि विचारलं, “साहेब, तुमचं फुलपात्र काय म्हणालं होतं?” सगळं सभागृह हसलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. वकीलसाहेबांना बोट दाखवायला जागा पुष्कळ होत्या. इंजिनिअर होता, कंत्राटदार होता, साक्षीदार होता. ते उठले आणि सवयीप्रमाणे खुर्ची सोडून समोरच्या बाकांपाशी गेले. मला वाटलं, आता दोन्ही बाजू होणार. ते म्हणाले, “सभापतींनी या रस्त्यावर सही केली. कागद कोरडा होता, पण रस्ता खोटा होता, आणि तो तपासणं हे सभापतींचं काम होतं. या प्रकरणात दुसरी बाजू नाही.” आणि ते तिथेच, समोरच्या बाकावर बसले. खुर्ची सभा संपेपर्यंत रिकामी होती. पाठोपाठ त्यांनी कंत्राटदाराला रस्ता मुळापासून पुन्हा करायची नोटीस काढली. ती मीच टाइप केली. मेहुण्याचं नाव टाइप करताना माझ्या तीन चुका झाल्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि काही विचारलं नाही.

रस्ता पुन्हा व्हायला सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत दर बाजाराच्या दिवशी वकीलसाहेब जीप फाट्यावर उभी करायचे आणि चार किलोमीटर पाड्यापर्यंत चालत जायचे. तिथून बायकांबरोबर परत फाट्यापर्यंत. पहिल्या खेपेला मी बघितलं ते माझ्या डोळ्यांना खरं वाटेना: काळा कोट, पांढरी पँट आणि डोक्यावर येसूबाईची काकड्यांची पाटी. डोक्यावर ओझं नव्हतं म्हणून ती शेजारून काठी टेकत सावकाश येत होती. “वकीलबाबा, मान वाकडी व्हईल,” ती म्हणाली. “सरळ होती कधी?” ते म्हणाले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. येसूबाईला दम लागला की सगळी वरात थांबायची आणि वकीलसाहेब डोक्यावरच्या पाटीसकट थांबायचे, कारण ती एकदा उतरवली तर पुन्हा चढवायला दोघी लागत. मी मागून दुसरी पाटी घेऊन चालायचो. दर खेपेला ठरवायचो, आज सांगायचं. त्या वळणापाशी आलो की म्हणायचो, “साहेब, मला एक सांगायचंय.” आणि दर खेपेला ते म्हणायचे, “पायाखाली बघ, खड्डा आहे.” खड्डा असायचाच. सहा महिने त्यांनी मला त्या खड्ड्यापलीकडे जाऊ दिलं नाही.

रस्ता पक्का झाला, बस पुन्हा ओट्यापाशी आली. पुढच्या निवडणुकीत पक्षाने वकीलसाहेबांना तिकीट दिलं नाही. ते पुन्हा कोर्टात आले, टेबलाच्या पलीकडे जाऊन अशिलं घालवू लागले. मी वेगळं ऑफिस काढलं. कारण मी जागेचं सांगितलं. खरं म्हणजे त्यांच्यासमोर पाणी पिणं मला जमेनासं झालं होतं. अशी काही वर्षं गेली. नवं शतक लागून तेही चांगलं रुळलं, आणि वकीलसाहेबांना हात थरथरण्याचा आजार झाल्याचं मला कळलं. पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. म्हणून एका रविवारी दुपारी गेलो.

ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. छातीवर पंचा पसरलेला, हात मांडीवर ठेवलेले, आणि ते हात स्वतःशीच काही लिहीत असल्यासारखे हलत होते. काकूंनी उशाच्या स्टुलावर पाणी आणून ठेवलं. तेच फुलपात्र. अर्धंच भरलेलं. काकू आत गेल्या आणि मी बोलून टाकलं. आजूबाजूला खड्डा नव्हता. “साहेब, पाड्याच्या रस्त्यावर मी त्या दिवशी फुलपात्रातलं पाणी प्यायलो होतो. दोन घोट. कंत्राटदार माझा मेहुणा होता.”

“तीन,” ते म्हणाले.

“काय तीन?” मी विचारलं.

“तीन घोट. आरशात दिसत होतास. मेहुण्याचंही ठाऊक होतं. तुझ्या लग्नात अंतरपाट त्यानेच धरला होता.”

मी विचारलं, “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू माझा साक्षीदार,” ते म्हणाले. बोलणं सावकाश झालं होतं, पण शब्द कोर्टातलेच होते. “आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, एवढं तुला शिकवलंय मी. घ्यायची तर आधी त्याला फितूर म्हणून जाहीर करावं लागतं.” त्यांचा हात पंचावर थोडा सरकला. “सगळा रस्ताभर प्रयत्न केला. नाही म्हणवलं.”

“पण सभेत सगळं स्वतःवर घेतलंत.”

“माझंच होतं. रस्ता वाईट आहे हे मी काय ऐकलं होतं? पाहिलं होतं, डोळ्यांनी. तरी सही केली. तुझी चूक तीन घोटांची, माझी अख्ख्या रस्त्याची. म्हणून तर पाटी मी उचलली. तू उगीच मागून यायचास.” ते जरा हसले. “येसूबाईच्या काकड्या फार जड, बाबा.”

मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो की एका सरळ माणसाला मी फसवलं. त्या दुपारी कळलं की तो फसलाच नव्हता. आयुष्यात एकदाच, डोळे उघडे ठेवून, तो वाकडा झाला होता, आणि तो माझ्यासाठी. यातलं जास्त जड काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. पाणी हवं होतं. मी फुलपात्र उचललं, दुसरा हात त्यांच्या मानेखाली घातला आणि त्यांच्या ओठांना लावलं. माझा हात इतका स्थिर मी कधी धरला नव्हता, कोणत्याही रस्त्यावर. ते एक घोट प्यायले. थांबले. दुसरा प्यायले, मग तिसरा, आणि तिसऱ्यानंतर माझ्याकडे बघून त्यांनी एक भुवई उचलली. मी फुलपात्र खाली ठेवलं. त्यांनी थरथरता हात छातीवरच्या पंचावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट फिरवला.

“कोरडं,” ते म्हणाले. “लिही.”

तेव्हा माझ्याजवळ कागद नव्हता. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज लिहितो आहे.